दार तुटतं, गुन्हेगार बोलतो: पोलिसी मालिका इतक्या टिकतात कशा?

एरवी या ब्लॉगवर मी पेपर कसा वाचायचा, प्रयोगात ब्लँक का घ्यायचा, प्रपोजलमधल्या ‘गृहीतक’ या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं, असल्या गोष्टी लिहिते. आज एका टीव्ही मालिकेची चिकित्सा करू. मालिका तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आजीलाही माहीत आहे: ‘सीआयडी’.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, ‘ही मालिका इतकी का टिकली?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं, तो संशोधनाच्या सरावाला फार चांगला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्यापैकी अनेकांनी शाळेची प्रयोगशाळा पाहण्याआधी डॉ. साळुंखेंची लॅब पाहिली. पुरावा म्हणजे काय, तपास कधी संपतो, ‘सिद्ध झालं’ असं केव्हा म्हणायचं, याचं पहिलं चित्र डोक्यात तिथूनच आलं. ते चित्र घेऊनच आपण एमएस्सीला आणि पुढे पीएचडीला जातो. म्हणून ते एकदा उजेडात धरून पाहिलेलं बरं.

आधी निरीक्षणं

‘सीआयडी’ सोनी टीव्हीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. वीस वर्षं, पंधराशेहून अधिक भाग. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. करणारे बी. पी. सिंग हे मूळचे कॅमेरामन, मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा हाताळलेले. ही मालिका आभाळातून पडलेली नाही. दूरदर्शनच्या काळात मराठीत ‘एक शून्य शून्य’ होती. ती सिंग यांचीच होती आणि तिच्यातही शिवाजी साटम होते. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ होती. म्हणजे हिंदीत जी मालिका देशभर पोचली, तिची रंगीत तालीम मराठीत झाली होती.

आता एका भागाचा सांगाडा पाहा. प्रेत सापडतं. गाडी येते. एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत ‘काहीतरी गडबड आहे’ या अर्थाचं बोलतात. अभिजीत आणि दया चौकशी करतात, फ्रेडी घाबरतो किंवा हसवतो. लॅबमध्ये साळुंखे आणि एसीपी यांची नेहमीची खडाजंगी होते आणि एक धागा हाती येतो. पहिला संशयित चुकीचा निघतो. दया दार तोडतो. खरा गुन्हेगार समोर येतो, एक थप्पड खातो आणि सगळं सांगून टाकतो. एसीपी त्याला फाशीचं भविष्य ऐकवतात.

विरारला डहाणू लोकल पकडून मोबाइलवर एक भाग लावला, तर साधारण उमरोळीच्या आसपास गुन्हेगार बोलायला लागतो आणि बोईसर येईपर्यंत प्रकरण संपलेलं असतं. कुठलाही भाग लावा, मागचा पाहिलेला असण्याची गरज नाही. हे निरीक्षण लिहून ठेवा, पुढे लागेल.

गृहीतक १: माणसं बदलत नाहीत म्हणून मालिका टिकते

हे सगळ्यात आधी सुचणारं उत्तर आहे आणि त्यात दम आहे. तपासून पाहायला एक छान जोडी मिळते.

१९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून घेतलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. त्याच्या निर्मात्यांपैकी एक प्रदीप उप्पूर. हेच उप्पूर पुढे बी. पी. सिंगांबरोबर ‘सीआयडी’चे निर्माते झाले. शहर मुंबई, विषय पोलीस, निर्माताही समान. फरक आहे तो माध्यमाचा.

‘अर्धसत्य’मधला सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर सुरुवातीला जो असतो, तो शेवटी राहत नाही. राजकारणी, गुंड, वरचे साहेब, घरचा बाप, सगळे मिळून त्याला आतून पोखरतात. त्याच्या हातून कोठडीत माणूस मरतो. शेवटी तो रामा शेट्टीला संपवतो आणि स्वतः पोलिसांत हजर होतो. आता विचार करा, पुढच्या शुक्रवारी वेलणकर पुन्हा ड्युटीवर येऊ शकेल का? नाही. सिनेमाला माणूस मोडलेला चालतो, कारण दिवे लागले की प्रेक्षक घरी जातो. मालिकेतला माणूस मोडला तर पुढच्या आठवड्यात दाखवायचं काय? ‘सीआयडी’त प्रद्युम्नला स्वतःच्या मुलावर गोळी झाडावी लागल्याचीही कथा येऊन गेली. पुढच्या केसला तोच साहेब, तीच बोटं, तोच कडक आवाज. एवढ्या मोठ्या घावाचा व्रण पुढच्या शेकडो भागांच्या चालीवर उमटत नाही.

आणखी एक घटना या गृहीतकाच्या बाजूची. परत आलेल्या मालिकेत एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न मारले गेल्याचं दाखवलं आणि त्यांच्या जागी नवा, तरुण एसीपी आणला. प्रेक्षक चिडले. थोड्याच काळात प्रद्युम्न परत आले. एखादा म्हणेल, झालं की सिद्ध! थांबा. हा एकच नमुना आहे. एखादी गोष्ट काढल्यावर लोक ओरडले, यातून लोकांना ती हवी होती इतकंच कळतं. ती मालिका *त्याच* गोष्टीमुळे टिकली होती, हे त्यातून निघत नाही. घरातलं जुनं कपाट हलवलं तरी घरचे ओरडतात, म्हणून घर कपाटावर उभं असतं असं नाही.

म्हणून उलट बाजूची उदाहरणं शोधायची. संशोधनात हेच काम सगळ्यात कमी केलं जातं. जर्मनीत ‘टाटओर्ट’ नावाची पोलिसी मालिका १९७० पासून आजतागायत चालू आहे. तिच्यात एक नायक नाही, एक टीमही नाही. दर आठवड्याला वेगळं शहर, त्या शहराचे वेगळे तपास अधिकारी, त्यांची वेगळी बोलण्याची ढब. जुने निवृत्त होतात, नवे येतात. आपल्याकडे ‘क्राइम पेट्रोल’ घ्या. २००३ ला सुरू झालेली. तिच्यात अनुप सोनींसारखा निवेदक आहे आणि खऱ्या घटनांचं नाट्यरूप आहे. पोलीस दर वेळी वेगळे. नायक असा कोणी नाहीच, तरी ती टिकली.

म्हणजे गृहीतक १ पूर्ण खोटं नाही, पण अपुरं आहे. ‘सीआयडी’पुरतं चालेल, पोलिसी मालिका या प्रकाराला लागू होणार नाही.

गृहीतक २: प्रश्नांचा क्रम बदलत नाही म्हणून मालिका टिकते

मग या सगळ्यांत समान काय? ‘खून कोणी केला’ हे रहस्य, असं म्हणावं तर अमेरिकेतली ‘कोलंबो’ आडवी येते. १९६८ च्या पहिल्या चित्रपटापासून तिची पद्धत अशी, की खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवायचं. मळका रेनकोट घातलेला कोलंबो मग येतो. खुनी कोण हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण तास-दीड तास हलत नाही. का? कारण याला ते *कळणार कसं*, हे पाहायचं असतं.

माझ्या मते इथे गाठ सुटते. पोलिसी मालिकेचं खरं वैशिष्ट्य गुन्ह्यात नाही, तर ‘माहीत नाही’ पासून ‘माहीत आहे’ पर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर चालून दाखवण्यात आहे. काय झालं? कधी झालं? कोणाला फायदा? कोण खोटं बोलतंय? कशावरून? हा क्रम ठरलेला असतो, आणि त्याच्या शेवटी उत्तर असणार याची हमी असते. पात्रं बदला, शहर बदला, निवेदक आणा, चालतं. ही हमी मोडली तर मात्र मालिका दुसरीच काहीतरी होते.

टीव्ही या माध्यमाला हे फार मानवतं. विचार करणं तसं चित्रित करता येत नाही, पण चार माणसं एका खोलीत उभी राहून मोठ्याने विचार करतात, हे चित्रित करता येतं आणि स्वस्तात करता येतं. अभिजीत शक्यता मांडतो, दया शंका काढतो, एसीपी ‘पण का?’ विचारतात. तुम्ही चांगल्या ग्रुपमध्ये पीएचडीला गेलात, तर दर आठवड्याच्या ग्रुप मीटिंगला हेच होताना दिसेल. फक्त दार तोडायला कोणी नसतं.

दुसरं, हा प्रकार काम करणाऱ्या माणसांचा आहे. कौटुंबिक मालिकेत माणसं कधी कामाला जातात हे कळत नाही, इथे ती कधी घरी जातात हे कळत नाही. ब्युरो हेच त्यांचं एकत्र कुटुंब: कडक कर्ता, दोन कर्ते मुलगे, एक भोळा, एक तिरसट काका. शिवाजी साटम हे अभिनयात स्थिरावण्याआधी बँकेत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांच्या एसीपीत एखाद्या शाखेच्या शिस्तप्रिय मॅनेजरची झाक दिसते ती मला तरी उगीच वाटत नाही. रोज सकाळी ६ ची लोकल पकडणाऱ्या घराला आपलं काम चोख करणाऱ्या माणसाची गोष्ट पाहायला आवडते.

साळुंखेंच्या लॅबमध्ये काय चुकतं

आता टीका. नळकांड्यातलं निळं पाणी लाल झालं आणि विष ओळखलं, यावर मीम खूप झाले. मला त्यात तीन नेमक्या तक्रारी आहेत.

पहिली वेळेची. विषबाधेच्या संशयात शवविच्छेदनानंतर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून, सील करून, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. मुंबईची ही प्रयोगशाळा कलिन्याला, विद्यापीठाच्या आवाराला लागूनच आहे. तिथे नमुना रांगेत लागतो. उत्तर त्याच संध्याकाळी येत नाही.

दुसरी तक्रार रंगाची. रंग बदलणाऱ्या चाचण्या खऱ्या आहेत, पण त्या प्राथमिक असतात. रक्तासाठीची कॅसल-मेयर चाचणी गुलाबी रंग देते, पण काही भाज्यांमधली पेरॉक्सिडेज एन्झाइमही तोच गुलाबी रंग देऊ शकतात. ल्युमिनॉल रक्ताने चमकतं, तसं ब्लीचनेही चमकतं. म्हणून पुढे खात्रीची चाचणी लागते, सोबत ब्लँक लागतो, ज्ञात नमुना लागतो. पंधराशे भागांत मी साळुंखेंना ब्लँक घेताना पाहिलेलं नाही.

तिसरी तक्रार खात्रीची, आणि ही सगळ्यात गंभीर. ‘मृत्यू रात्री दहा ते अकराच्या दरम्यान.’ खऱ्या अहवालात ही फट बरीच रुंद असते, कारण शरीर थंड होण्याचा वेग हवेवर, कपड्यांवर, वजनावर, वाऱ्यावर अवलंबून असतो. मालिकेत विज्ञान म्हणजे शंका संपवणारं यंत्र. प्रत्यक्षात विज्ञान म्हणजे शंका किती उरली, हे मोजून सांगणारी पद्धत.

यामुळे लोक बिघडतात का? अमेरिकेत ‘सीएसआय’ या मालिकेबद्दल ही ओरड बरीच झाली. ज्युरीतले लोक मालिका पाहून येतात आणि प्रत्येक खटल्यात डीएनए मागतात, असं वकील म्हणू लागले. २००६ मध्ये मिशिगन राज्यात डोनाल्ड शेल्टन या न्यायाधीशांनी सहकाऱ्यांबरोबर ज्युरीसाठी बोलावलेल्या सुमारे हजार लोकांची पाहणी केली. मालिका पाहणाऱ्यांची वैज्ञानिक पुराव्याची *अपेक्षा* जास्त निघाली. पण तसा पुरावा नसेल तर दोषी ठरवणारच नाही, असा सरसकट परिणाम बहुतेक प्रकारच्या खटल्यांत दिसला नाही. हा निष्कर्ष मला फार आवडतो. ‘मालिकांनी लोक बिघडले’ हे वाक्य बोलायला सोपं, पण मोजायला गेल्यावर त्याचे दोन तुकडे झाले: अपेक्षा वाढते, निर्णय तितका बदलत नाही. तुमच्या प्रपोजलमधलं मोठं वाक्य असं फोडता येतंय का, बघा.

खरा घोटाळा: कबुली

लॅबवर आपण हसतो, म्हणून ती फार धोक्याची नाही. ज्याच्यावर कोणी हसत नाही, तो शेवट बघा. गुन्हेगार पोलिसांसमोर बोलतो आणि प्रकरण मिटतं.

आपल्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आलं. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग ग्राह्य धरतात, हा त्याला अपवाद. नियमामागचं कारण उघड आहे: कोठडीत माणूस मार चुकवायला काहीही कबूल करतो. म्हणजे मालिका ज्या क्षणाला ‘सिद्ध झालं’ म्हणते, तो क्षण न्यायालयात जवळपास शून्य किमतीचा. आणि त्याआधीची थप्पड हा तर त्या पुराव्यावरचाच डाग. ‘अर्धसत्य’ने जिथे कोठडीतला मृत्यू दाखवला, तिथे ‘सीआयडी’ने टाळ्यांची जागा केली. मालिकेबद्दल प्रेम असूनही ही गोष्ट मी माफ करू शकत नाही.

संशोधनातही थप्पड असते बरं. हवा तो आलेख येईपर्यंत डेटा कापत राहणं, नको ते बिंदू ‘आउटलायर’ म्हणून काढणं, हे डेटाला मारून कबुली घेणंच आहे. तो बोलतो. पण तसं बोलणं ग्राह्य नसतं.

जी गोष्ट या सांगाड्यात बसत नाही

आता आपल्या भागाकडे या. पोलिसी मालिकेच्या हमीत एक अट दडलेली आहे: एक प्रेत, एक रात्र, एक हात. ही अट मोडली की काय होतं?

एप्रिल २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना ठार मारलं. लॉकडाउनचे दिवस होते, चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे खऱ्या सीआयडीकडे गेला. या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि मुंबईतल्या रोजच्या खुनांचा तपास एरवी स्थानिक पोलीस ठाणं आणि क्राइम ब्रँच करतात, ही मालिकेने न सांगितलेली गोष्ट. गडचिंचलेची घटना मालिकेच्या सांगाड्यात घालून पाहा. दया कुठलं दार तोडणार? अफवा कोणाच्या घरात लपलेली असते?

दुसरं उदाहरण रोज नाकात जाणारं. तारापूर एमआयडीसीतलं रासायनिक सांडपाणी खाडीत आणि नवापूरजवळच्या समुद्रात जातं, मासळी कमी होते, हे किनाऱ्यावरच्या गावांचं जुनं दुखणं. मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर, तसंच सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या संस्थेवर भरपाई बसवली. इथे कोणी कबुली दिली नाही. प्रेत नव्हतं, रात्र नव्हती, अनेक वर्षं होती. पुरावा होता तो नमुन्यांचा, नोंदींचा, कोणाचा वाटा किती याच्या हिशोबाचा. सहा वर्षं चाललेला हा तपास चाळीस मिनिटांत बसत नाही, आणि त्यात एसीपी बोट दाखवेल असा एक चेहराही नाही.

अशा गोष्टी टीव्हीवर होऊच शकत नाहीत असं नाही. ‘द वायर’ने (२००२ ते २००८) बाल्टिमोर शहराची पोलीसखातं, बंदर, शाळा, राजकारण, वर्तमानपत्र अशी एकेक यंत्रणा उलगडली आणि गुन्हेगार म्हणून कुठल्या एका माणसाकडे बोट दाखवायचं नाकारलं. ती थोर मालिका आहे, पण पाच सीझन आणि साठ भागांत संपली. तिच्या शेवटी माणसं बदलतात, जागा त्याच राहतात, उत्तराची हमी नसते. गृहीतक २ ला बळ देणारं हे उदाहरण: हमी काढली की मालिका खरी होऊ शकते, पण पंधराशे भाग चालेल याची आशा धरू नये.

मग ‘सीआयडी’ टिकते ती खोटी असूनही, असं नाही. जिथे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, तिथे ‘कोणीतरी येईल, नीट विचारेल आणि शोधून काढेल’ हे वचन दर आठवड्याला पाळलं जाणं ही साधी करमणूक नाही. ती भूक खरी आहे. तुम्हाला संशोधनाकडे ओढणारी भूकही बहुधा तीच आहे, म्हणून तिला हसू नका. फक्त तिच्यासोबत आलेली सवय तपासा: एकच कारण शोधायची सवय, आणि कोणीतरी कबूल करेल याची वाट पाहायची सवय. बोईसरच्या विहिरीचं पाणी तपासायला गेलात, तर तिथे शंभर संशयित असतील आणि सगळे थोडे थोडे दोषी असतील.

एक सराव देते. ‘सीआयडी’चा कुठलाही एक भाग लावा आणि कागदावर तीन रकाने आखा: काय *दिसलं*, त्यावरून काय *म्हटलं*, आणि मधे काय *गृहीत धरलं*. गुन्हेगार बोलायला लागला की मोबाइल बंद करा. त्याच्या कबुलीशिवाय तिसऱ्या रकान्यात जे उरलंय, ते मोजा. मग तेच तीन रकाने तुमच्या प्रपोजलसाठी आखा. तिसरा रकाना दुसऱ्यापेक्षा लांब भरला, तर गाइडकडे जाण्याआधी अजून एक कंट्रोल घ्या.